नागपुरात मोटारहोम घेऊन येताय? फर्निचर बदलायची घाई करू नका

चिपळूणहून आम्ही दोघं आमची मोटारहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन नागपुरात आलो त्याला नऊ वर्षं झाली. गाडी लहान आहे. राहायची जागा दहा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. या नऊ वर्षांत आतलं जवळजवळ सगळं फर्निचर एकेक करून बदललं, काही वस्तू तर दोनदा. आता कोकणातून, पुण्याहून, साताऱ्याहून गाडी घेऊन आलेले लोक भेटतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "इथे चांगला सुतार कुठे मिळेल?" त्यांना मी सांगते, सुतार मिळेल, पण आधी इथला एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याच जुन्या सामानात काढा. मग हात लावा.

आम्ही थांबलो नव्हतो. पहिल्या एप्रिलमध्ये एका दुकानातून तयार टेबल आणि ड्रॉवरचं कपाट आणलं. दिसायला सुरेख, आतून पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. एका दुपारी टेबलाशी बसले तर कडेची पट्टी कोपऱ्यातून उचललेली. बोटाने धरली तशी वीतभर सुटून आली, आणि मागे गोंदाची चिकट तार लोंबत राहिली. जुलैत पाऊस लागल्यावर चमच्यांचा ड्रॉवर असा फुगून बसला, की दोन दिवस आम्ही एकाच चमच्यावर काढले. शेजारच्या प्लॉटवर काम करणाऱ्या सुतारदादांनी येऊन बोर्डाच्या कडेवर अंगठा दाबला, तर भुसा खाली पडला. ते म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात मापाला घट्ट बसवलं असंन, म्हणून अडकून राहिलं."

ते खरंच होतं. कोकणात हवा वर्षाचे बरेच महिने दमट, त्यामुळे लाकूड फार आकसत-फुगत नाही. नागपुरात मे महिन्याची हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं. जूनच्या मध्यानंतर तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. म्हणून मेमध्ये घेतलेलं माप जुलैत खोटं ठरतं. त्यात कूलर. उन्हाळ्यात कूलरशिवाय इथे निभत नाही, आणि त्याच्या तोंडासमोर जे फर्निचर येतं ते दिवसरात्र ओलसर राहतं. कूलर कुठे बसणार हे ठरल्याशिवाय कपाटाची जागा ठरवू नका.

कामाला बरे महिने दिवाळीनंतरचे, नोव्हेंबर आणि डिसेंबर. हवा मधली असते आणि दिवाळीच्या कामांतून सुतारही मोकळे झालेले असतात.

माल लकडगंजला. नावातच लाकूड आहे, प्लायची आणि लाकडाची दुकानं तिथेच. नट-बोल्ट, बिजागऱ्या, ड्रॉवर सरकायचे चॅनेल इतवारीत. मोटारहोम घेऊन त्या गल्ल्यांत शिरू नका, मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाईनने जा आणि माल छोट्या हत्तीने, म्हणजे छोट्या टेम्पोने, मागवा. प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकात एमआर (ओलाव्याला टिकणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) असे दोन प्रकार येतात. एमआर स्वस्त, पण गाडीत नको. निदान बीडब्ल्यूआर घ्या, ओट्याजवळ आणि कूलरजवळ आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची एक शीट साधारण ३५ किलो भरते, १२ ची २२ ते २५. घरात सवयीने १८ वापरतात, तुमचा सुतारही तेच सुचवेल. त्याला समजावून सांगा की हे घर चाकांवर चालतं, वजन कमी हवं. आमच्याकडे आता सागाच्या बारीक पट्ट्यांची चौकट आणि त्यात ६ मिलिमीटरचं प्लाय असं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग इथे जवळच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारशाहूनच, आणि लकडगंजात अजून त्याचा विषय निघतो. पण सगळंच सागाचं करायचा मोह आवरा, वजन झेपणार नाही. काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर गाडी धर्मकाट्यावर घाला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी आकडा ताडून पाहा. सामान भरलेल्या गाडीचंच वजन करा. आम्ही पहिल्यांदा पाण्याची टाकी रिकामी ठेवून केलं आणि चुकीच्या आकड्यावर निर्धास्त राहिलो.

सुताराला बोलवण्याआधी पुठ्ठ्याचं फर्निचर करा. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. दुसऱ्या टेबलाच्या वेळी फ्रिजच्या दुकानातून मोठा खोका आणला, हवं त्या मापाचं टेबल आणि वरचं कपाट कापून चिकटपट्टीने उभं केलं, आणि पाच दिवस त्यातच राहिलो. तिसऱ्या दिवशी कळलं, की वरच्या कपाटाखाली कुकरची शिट्टी काढायला हात जात नाही. रात्री पलंगावरून उतरताना माझा गुडघा रोज टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर आपटत होता. पुठ्ठा दुमडला, गुडघा वाचला. कोपरा गोल केला, कपाट चार इंच वर गेलं. आणि दार मोजा. आमचं दार २६ इंच, म्हणजे त्याहून मोठं काहीही सुट्ट्या भागांतच आत येणार, आणि उद्या बाहेरही तसंच जाणार. जोड गोंदाचे नकोत, बोल्टचे हवेत.

बसवताना नुसत्या स्क्रूवर विसंबू नका, हादऱ्यांनी ते महिन्याभरात ढिले होतात. गाडीच्या पत्र्यामागच्या रिब्सना, म्हणजे लोखंडी आडव्या-उभ्या पट्ट्यांना, बोल्ट, मोठा वॉशर आणि हादऱ्यांनी ढिला न होणारा नायलॉक नट. ब्रेक जोरात लागला तर सुटलेलं कपाट माणसावर येतं. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, डिझेलची टाकी आणि वायरी कुठून जातात ते. फर्निचर आणि भिंत यांत अर्धा इंच फट ठेवा, नाहीतर श्रावणात मागे बुरशी धरते. ड्रॉवरच्या बाजूंनाही सुताराला जास्तीची फट सोडायला लावा.

एका वेळी एकच वस्तू बदला. आमची पलंगाची आणि ओट्याची तोडफोड एकदमच झाली होती. चार रात्री बसून झोपलो आणि डबे शेजारच्या काकूंच्या ओसरीवर. पलंग सगळ्यात शेवटी घ्या, आणि त्याचे भाग आधी बाहेर तयार करून एका दिवसात बसवा. गोंद आणि पॉलिशचं काम चालू असेल तेव्हा गॅसचं सिलिंडर गाडीबाहेर. वास जाईपर्यंत दोन-तीन रात्री आत झोपू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही, तापलेल्या नव्या प्लायमधून डोळे चुरचुरतील इतका धूर सुटल्यासारखं होतं.

गादीसाठी फोमच्या मागे लागू नका. हा कापसाचा मुलूख आहे, तुमच्या मापाची कापसाची गादी भरून मिळते. उन्हाळ्यात फोमइतकी ती तापत नाही आणि ओल धरली तर उन्हात टाकून पुन्हा कोरडी करता येते.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ नोंद बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. टेबल-कपाट बदलणं वेगळं. पण बसायची सीट काढायची किंवा वाढवायची असेल, तर आधी आरटीओत जाऊन विचारा.

जुनं सामान मैदानात टाकून येऊ नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं नकोसं घराबाहेर काढतात. आम्ही त्याच सुमाराला दरवर्षी गाडीची झाडाझडती घेतो. चॅनेल, बिजागऱ्या, बोल्ट खोलून डब्यात ठेवतो, चांगल्या फळ्या सुतारदादा नेतात, उरलेलं कबाडीवाल्याला.