वाइनमध्ये डी ड्राइव्ह दिसेना, तेव्हा

नारायण पेठेतल्या आमच्या दुकानाचा हिशोब बाबा एका जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये ठेवतात. लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू हे लिनक्स टाकलं, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमध्ये तो प्रोग्रॅम सुरूही झाला, पण त्याला डेटा डी ड्राइव्हवरच हवा असतो आणि तिथे काहीच नव्हतं.

वाइनमध्ये झेड ड्राइव्ह म्हणजे लिनक्सची अख्खी फाइल सिस्टिम. ही सगळी अक्षरं म्हणजे होम फोल्डरमधल्या लपलेल्या वाइन फोल्डरातल्या नुसत्या लिंका. मी वाइनच्या सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह्ज’ टॅबवर डी जोडून विंडोजच्या पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचा, मार्ग दिला. डेटा दिसला!

रीस्टार्ट केल्यावर पुन्हा गायब. कारण फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करेपर्यंत ते पार्टिशन माउंटच होत नव्हतं, म्हणजे लिनक्सला जोडलंच जात नव्हतं. सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडीसह (पार्टिशनच्या ओळख क्रमांकासह) ओळ घातली, ते कायमचं मिटलं.

तरी नोंद सेव्ह होईना. हे मात्र जिवावरचं, बाबांचा वर्षभराचा हिशोब त्यात होता. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करतानाही विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, म्हणून लिनक्स पार्टिशन फक्त वाचायला देतं. जबरदस्तीने माउंट करू नका, डेटा जाऊ शकतो. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढलं, पूर्ण शटडाउन केलं. संध्याकाळी बाबांनी पहिली पावती सेव्ह केली.