एका बटणावर आवाज आणि अंधार : नाटकाचे लाइट क्यू मिडीने कसे चालवावेत

फ्यूज उडाल्याचा आवाज येतो आणि अंधार अर्ध्या सेकंदानं मागून येतो. एवढ्या फरकानं प्रेक्षक नाटकातून बाहेर पडतो. संगीत देणारा आणि लाइट्स करणारा, दोघेही तयारीचे असले तरी दोघांची बोटं एकाच क्षणी पडतीलच असं नाही. हौशी संघात तर बऱ्याचदा ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात. अशा वेळी आवाजाचा क्यू (ठरलेल्या क्षणी सोडायचा बदल) सुटताच त्यानंच लाइटचा क्यू सोडावा, ही सोय मिडीनं करता येते. त्यासाठी लाइट्स चालवायचं महागडं कन्सोल लागत नाही.

मिडी हे १९८३ साली आलेलं, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याचं मानक. त्यातला ‘नोट ऑन’ हा संदेश जेमतेम तीन बाइटचा असतो : चॅनल कोणता (१ ते १६), नोट कोणती (० ते १२७) आणि ती किती जोरात दाबली (० ते १२७). यात प्रकाशाबद्दल एक अक्षरही नाही. दिवे समजतात ती डीएमएक्सची भाषा. तिच्या एका लाइनवर ५१२ चॅनल (हे मिडीच्या चॅनलपेक्षा वेगळे; दिव्याची तीव्रता, रंग अशा एकेका गोष्टीला एक), प्रत्येकाची किंमत ० ते २५५. म्हणजे मधे एक दुभाषी हवा, आणि ते काम लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं. ‘नोट ४२ म्हणजे अंधार’ हे ठरवणारे तुम्हीच. त्यामुळे या कामातला मोठा भाग वायरींचा नसून ठरवण्याचा आहे.

सामान

लॅपटॉप, यूएसबीतून डीएमएक्स काढणारा इंटरफेस, क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर (विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं), सरावाला दोन-चार एलईडी पार (रंग बदलणारे स्टेजचे दिवे) आणि एक छोटा मिडी पॅड (कळ दाबली की नोट पाठवणारी पाटी). ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं जायचं असेल तर दिवे सोडून बाकी सगळं एका सॅकमध्ये मावतं. डीएमएक्ससाठी केबल मात्र डीएमएक्सचीच घ्या. माइकची केबल दिसायला सारखी असली तरी तिचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) वेगळा असतो आणि लांब अंतरावर दिवे फडफडू लागतात. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनचं टोक बंद करणारा प्लग) लावा.

आधी दिवे, मग मिडी

मिडीला हात लावण्याआधी माउसनं सगळे दिवे नीट चालले पाहिजेत. प्रत्येक पारवर पत्ता, म्हणजे त्याचा पहिला डीएमएक्स चॅनल, लावा. सात चॅनलचा पार असेल तर पहिला १ वर, दुसरा ८ वर, तिसरा १५ वर. क्यूएलसी प्लसमध्ये तेच दिवे त्याच मोडमध्ये आणि त्याच पत्त्यांवर नोंदवा. मग एकेक ‘सीन’, म्हणजे दिव्यांची एक ठरलेली मांडणी, बनवा : सकाळचा दिवाणखाना, संध्याकाळ, चंद्रप्रकाश, पूर्ण अंधार. प्रत्येक सीनला फेडची (प्रकाश हळूहळू बदलण्याची) वेळ तिथेच द्या. सूर्यास्ताला २० सेकंद, फ्यूज उडण्याला शून्य.

फेड मिडीनं करायचा मोह होतो, तो टाळा. मिडीच्या कंट्रोल चेंज (नॉब किंवा स्लायडर फिरवल्यावर जाणाऱ्या) संदेशात १२८ पायऱ्या असतात आणि दिव्यात २५६. सावकाश मंद होत जाणाऱ्या प्रकाशात, विशेषतः शेवटच्या अंधुक टप्प्यात, त्या पायऱ्या डोळ्याला दिसतात. मिडीनं फक्त ‘सुरू कर’ म्हणावं, बाकीचं सॉफ्टवेअरवर सोडावं.

बटणं आणि नोटा जोडणे

क्यूएलसी प्लसच्या व्हर्च्युअल कन्सोलमध्ये (पडद्यावरच्या बटणांच्या पानावर) प्रत्येक सीनचं एक बटण करा आणि ही सगळी बटणं ‘सोलो फ्रेम’मध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. साध्या फ्रेममध्ये दोन सीन एकाच वेळी सुरू राहतात आणि ज्याची तीव्रता जास्त तो जिंकतो. चंद्रप्रकाश लावला तरी दिवाणखाना विझत नाही, आणि दोष नेमका कुठे आहे ते कळतही नाही. सोलो फ्रेममध्ये नवा सीन लागला की जुना आपोआप बंद होतो.

आता इनपुट-आउटपुटच्या टॅबमध्ये पॅडसमोरच्या ‘इनपुट’वर खूण करा. मग बटणाच्या गुणधर्मांत ‘ऑटो डिटेक्ट’ दाबून पॅडवरची कळ एकदा दाबा. जोडणी झाली. बऱ्याच पॅडवर पहिली कळ ३६ नंबरची नोट पाठवते, म्हणून मी क्यू १ ला ३६, क्यू २ ला ३७ असंच पुढे देतो. नोटांची नावं लिहू नका, नंबरच लिहा. ६० नंबरच्या नोटेला काही कंपन्या सी३ म्हणतात, काही सी४; नावावर विसंबलं की पूर्ण सप्तकाचा घोळ होतो. लाइट्ससाठी मिडीचा १६ वा चॅनल राखून ठेवा, म्हणजे रंगमंचावर कोणी कीबोर्ड वाजवत असेल तर त्याच्या सुरांनी दिवे बदलणार नाहीत.

तालमीत एक गोष्ट हमखास चकवते. क्यूएलसी प्लसचं साधं बटण चालू-बंद अशा पद्धतीचं असतं. दिग्दर्शकानं प्रवेश पुन्हा घ्यायला सांगितला आणि लागलेल्याच सीनची नोट पुन्हा गेली, तर तो सीन विझतो. म्हणून मागे जाताना आधी अंधाराचा सीन घ्या, मग हवा तो क्यू.

सगळ्या क्यूंना एकच ‘पुढचा’ संदेश द्यावा की प्रत्येकाला स्वतंत्र नोट? माझं मत ठामपणे स्वतंत्र नोटेच्या बाजूचं आहे. मिडी संदेश पाठवतं, पण तो पोचला का हे विचारत नाही. ‘पुढचा’ची एक सूचना हुकली तर उरलेलं सगळं नाटक एका क्यूनं मागे चालतं. स्वतंत्र नोटेत हुकला तर तेवढाच क्यू हुकतो, पुढचा जागेवर येतो.

आवाजाशी गाठ

संगीत ज्या सॉफ्टवेअरवर वाजतं त्याला मिडी पाठवता आलं पाहिजे. मॅकवर क्यूलॅब आहे, विंडोजवर शो क्यू सिस्टम, लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर असतील तर त्यांच्यामध्ये आभासी मिडी पोर्ट लागतो : विंडोजवर लूपमिडी, मॅकवर आधीपासून असलेला आयएसी ड्रायव्हर. क्यूएलसी प्लसमध्ये त्या पोर्टच्या फक्त इनपुटवर खूण करा. आउटपुटही चालू ठेवला तर संदेश गोल फिरत राहू शकतो.

आता फ्यूज उडण्याच्या आवाजासोबत नोट ४२ चा मिडी क्यू जोडा. ‘गो’चं बटण एकदा दाबलं की दोन्ही सुटतील. वहीत तशी नोंद हवी : क्यू ७, ‘आई, दिवे गेले’च्या आधी, नोट ४२, सीन अंधार, फेड ०.

तरीही प्रकाश मागे पडतोय असं वाटलं तर मिडीला दोष देऊ नका. साध्या मिडी केबलमधून तीन बाइट जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. कारण बहुधा दिव्यात असतं. हॅलोजनच्या दिव्याची तार तापायला आणि निवायला क्षणभर लागतो, एलईडी लगेच पेटतो-विझतो. नाट्यगृहातले हॅलोजन वापरत असाल तर आवाजाचा क्यू ‘गो’नंतर दशांश सेकंद थांबून सुटेल असं करा आणि प्रेक्षागृहाच्या मध्यावर उभं राहून, डोळ्यांनी आणि कानांनीच ती वेळ जुळवा.

जे क्यू आवाज आणि प्रकाश मिळून एकच घटना घडवतात, तेवढेच एकत्र बांधा. बाकीचे सुटे ठेवा. संपूर्ण नाटक टाइमलाइनवर लावून देता येतं, पण नटाचा विराम रोज वेगळा असतो. आज तो दोन सेकंद थांबेल, उद्या पाच. तो विराम पाहून ‘गो’ दाबणारा माणूस बूथमध्ये हवाच. गणेशोत्सवातला समूहनृत्याचा कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ध्वनिमुद्रित गाणं ठरलेल्या लयीत चालतं, त्यामुळे गाण्याशेजारी एक मिडी ट्रॅक लावून सगळे क्यू त्यावर टाकायला हरकत नाही.

नाट्यगृहात

गडकरी रंगायतन असो, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह असो की वाशीचं विष्णुदास भावे, आधीचा प्रयोग संपून आपला सुरू होईपर्यंत हाती फारसा वेळ राहत नाही. म्हणून सीन आणि नोटा क्लबहाउसमधल्या तालमीतच पक्क्या करा. नाट्यगृहात फक्त पत्ते आणि तीव्रता बदलायची राहील. तिथले डिमर (दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणारी यंत्रं) वापरायचे असतील तर डीएमएक्सची लाइन मिळेल का, कुठे मिळेल, हे तिथल्या तंत्रज्ञांना आदल्या दिवशीच विचारा.

तिथे मोठं कन्सोल असेल तर त्याला मिडी शो कंट्रोल कळतं का तेही पाहा. १९९१ मध्ये आलेल्या या मानकात नोटेऐवजी थेट ‘लाइट, गो, क्यू १२’ असा संदेश जातो. दोन्हीकडे डिव्हाइस आयडी सारखा ठेवला की काम होतं. क्यूचा नंबर संदेशातच असल्यामुळे मला ही पद्धत नोटांपेक्षा जास्त आवडते. धूर, फटाके, वरून खाली येणारे पडदे यांना मात्र मिडी जोडू नका. तिथे माणसाचा हात आणि नजर हवी.

लॅपटॉपची झोप, अपडेट आणि यूएसबीची वीजबचत बंद करा. संदेश येणं थांबल्यावर शेवटचा प्रकाश धरून ठेवायचा की अंधार करायचा, ही निवड अनेक एलईडी पारच्या मेन्यूत असते. ‘धरून ठेवणे’ निवडा. म्हणजे लॅपटॉप अडकला तरी नट अंधारात सापडणार नाहीत, आणि तुम्हाला सॉफ्टवेअर पुन्हा उघडून वहीत पाहून चालू क्यूची नोट दाबायला तेवढा वेळ मिळेल.