हिवाळी बागेची नोंदवही: या चुका टाळा

हिवाळ्यात बागेची वही बहुतेकदा कोरीच राहते. झाडं निजलेली, लिहायचं काय, असं वाटतं. पण पुढच्या वर्षी अडतं ते नेमकं इथेच. कंद कुठे पुरले होते, कोणतं रोप थंडीने गेलं आणि कोणतं जास्तीच्या पाण्याने, आच्छादन कधी घालायला हवं होतं, हे सगळं याच महिन्यांत नोंदवायचं असतं.

निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ‘गुलाबाला थंडी बाधली’ ही नोंद नाही, हा अंदाज झाला. ‘वरची पानं कडेने काळी, खोड टणक, माती ओली, काल रात्री आकाश निरभ्र’ ही नोंद. हिवाळ्यात निरनिराळ्या दुखण्यांची लक्षणं सारखीच दिसतात. पाणी कमी पडलं तरी पानं मलूल होतात आणि साचलेल्या पाण्यात मुळं कुजली तरीही. माती बोटभर खोल उकरून पाहिल्याची एक ओळ वहीत असेल, तर खरं कारण महिन्यांनंतरही शोधता येतं.

फांदी वाळली असं लिहिण्याआधी साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली सरकून पुन्हा पाहा आणि हिरवं कुठे लागलं ते लिहा. ‘मेलं’ हा शब्द मात्र वसंत सरेपर्यंत वहीत येऊ देऊ नका. होस्टा, प्लॅटिकोडॉन यांसारखी बहुवर्षायू झाडं हिवाळ्यात जमिनीवरून पार नाहीशी होतात, पण मुळं जिवंत असतात. प्लॅटिकोडॉन तर इतकं उशिरा फुटतं, की जागा रिकामी समजून तिथे कुदळ घातली जाते. मला या चुकीची सर्वांत जास्त हळहळ वाटते, कारण झाड धडधाकट असतं.

फोनवरचं तापमान

हवामान केंद्रांवर तापमान जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची हवा त्या आकड्यापेक्षा काही अंश थंड असू शकते. म्हणून फोन ३ अंश दाखवत असताना वाफ्यातल्या पानांवर गोठलेलं दंव दिसतं. जेम्स सिक्स यांनी १७८० मध्ये तयार केलेली कमाल-किमान तापमापी आजही या कामाला उत्तम. ती रोपांच्या उंचीवर लावा आणि वाचून झाली की कमाल आणि किमान तापमानावर अडकून राहणाऱ्या तिच्यातल्या खुणा पूर्ववत करा. ते राहिलं, तर एका कडक रात्रीचा आकडा पुढे कित्येक दिवस ‘आजचा’ म्हणून लिहिला जातो.

थंडीचा फटका दुसऱ्याच सकाळी दिसेल असंही नाही. रात्रीची तारीख वेगळी लिहा, डाग दिसल्याची वेगळी.

‘कुंपणाजवळ ट्युलिप’

कुंपणाजवळ म्हणजे नेमकं कुठे? न हलणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे भिंतीचा कोपरा, नळ, फाटक अशांपासून, अंतर मोजून लिहा. रोपांच्या नावांच्या पाट्यांवर मार्करऐवजी पेन्सिल वापरा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिलचं ग्राफाइट टिकतं. फोटो दर वेळी एकाच जागेवरून काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून मूळ तारखेची माहिती गळून जाते, तेव्हा फाइलच्या नावातच तारीख घाला.

काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही

‘कळ्या अजून मिटलेल्या’ ही पक्की नोंद आहे. ती नसेल, तर पहिलं फूल परवा उमललं की आठवड्यापूर्वी, हे कसं ठरवणार? इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून स्नोड्रॉप या थंडीत फुलणाऱ्या कंदाचं पहिलं फूल, झाडांची पहिली पालवी अशा साध्या तारखा टिपायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवलं. वसंत पूर्वीपेक्षा किती लवकर येऊ लागला हे तपासताना शास्त्रज्ञांना त्या तारखा उपयोगी पडल्या.

मध्येच खंड पडला तर तो खंड म्हणूनच लिहा. सुटलेले आठवडे नंतर आठवून भरू नका. ओळ आठवणीतून लिहावीच लागली, तर शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण करा.