लिस्पमधून बाहेरचे प्रोग्राम चालवायचे, तर कमांड यादी म्हणून द्या

जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन माझ्याकडे अक्षरओळखीसाठी येतात. पीडीएफची पानं सुटी करायला पीडीएफटूपीपीएम आणि अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट हे तयार प्रोग्राम आहेतच. त्यांना कामाला लावणारा आणि निकाल तपासणारा भाग मी कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत, तिच्या एसबीसीएल या कंपायलरवर ठेवला आहे. बाहेरचे प्रोग्राम लिस्पमधून कसे चालवायचे, ते याच कामाच्या आधारानं सांगतो. फंक्शनांची नावं, कमांडी आणि त्यांतले आकडे इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन स्पेलिंग आणि रोमन आकडे वापरा.

कॉमन लिस्पच्या १९९४च्या आन्सी प्रमाणात ही सोयच नाही, त्यामुळे भाषेच्या प्रत्येक इम्प्लिमेंटेशननं (एसबीसीएल त्यांतलंच एक) ती आपापल्या पद्धतीनं दिली. एसबीसीएलचं स्वतःचं रन-प्रोग्राम चांगलं आहे, पण ':सर्च टी' म्हटल्याशिवाय ते प्रोग्राम पाथमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नेहमीच्या फोल्डरांमध्ये, शोधत नाही. त्याऐवजी यूआयओपी ही लायब्ररी घ्या. ते एएसडीएफ ३ या लिस्पच्या बिल्ड साधनाबरोबरच येतं आणि त्यावर लिहिलेला कोड दुसऱ्या लिस्पवरही चालतो.

(यूआयओपी:रन-प्रोग्राम (लिस्ट "टेसरॅक्ट" पान "एसटीडीआउट" "-एल" "मार") :आउटपुट :स्ट्रिंग)

'मार' हा टेसरॅक्टचा मराठीसाठीचा कोड. 'एसटीडीआउट' लिहिल्यामुळे मजकूर फाइलीत न जाता थेट आपल्या हातात येतो. ':आउटपुट' दिलंच नाही, तर आलेलं सगळं टाकून दिलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हीच कमांड एका सलग स्ट्रिंगमध्ये दिली, तर यूआयओपी ती शेलकडे, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतं. यादी दिली, तर शेल मध्ये येतच नाही आणि प्रत्येक घटक जसाच्या तसा त्या प्रोग्रामला मिळतो. लोक फाइलींना 'दिवाळी १९६८ (भाग २)' अशी नावं देतात, आणि ती द्यावीतही. पण शेलला मोकळ्या जागेवर शब्द तुटलेला दिसतो आणि कंसावर तो अडतो. नावात अर्धविराम आणि त्यापुढे 'आरएम' ही फाइली पुसणारी कमांड आली, तर शेल तेही इमानेइतबारे चालवेल. म्हणून बाहेरून आलेलं नाव स्ट्रिंगमध्ये जोडून कमांड बनवू नका. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला जोडणारा शेलचा पाइप हवाच असेल, तर यूआयओपी:एस्केप-एसएच-टोकन वापरून नाव आधी सुरक्षित करा. मी मात्र पाइपऐवजी आउटपुट ':लाइन्स' म्हणून घेतो आणि गाळण लिस्पमध्येच करतो. लिस्प हाताशी असताना ऑकसारखं मजकूर गाळणारं साधन कशाला?

यादीत पाथनेम ऑब्जेक्ट (लिस्पचं फाइलीच्या पत्त्याचं स्वतःचं रूप) टाकू नका, स्ट्रिंग टाका. आणि ती यूआयओपी:नेटिव्ह-नेमस्ट्रिंगनं काढा, साध्या नेमस्ट्रिंगनं नाही. एसबीसीएल चौकटी कंसाला वाइल्डकार्ड (कुठल्याही अक्षरांशी जुळणारी खूण) समजतं, म्हणून 'अंक [२]' या नावात नेमस्ट्रिंग उलटी तिरकी रेघ घालू शकतं. त्या नावाची फाइल डिस्कवर नसते.

रन-प्रोग्राम तीन व्हॅल्यू परत देतं: आउटपुट, एरर आउटपुट आणि एक्झिट कोड (काम नीट झालं तर शून्य). मल्टिपल-व्हॅल्यू-बाइंडनं तिन्ही घ्या. कोड शून्य नसेल तर सबप्रोसेस-एरर उठते. शेकडो पानांच्या कामात एका खराब पानासाठी सगळं थांबायला नको, म्हणून मी ':इग्नोर-एरर-स्टेटस टी' देतो. पण मग कोड स्वतः तपासायचा, यात सूट नाही. ':एरर-आउटपुट :स्ट्रिंग' हेही द्या. टेसरॅक्टच्या तक्रारी तिथेच येतात, आणि पान का वाचलं गेलं नाही याचा माग त्यांतूनच लागतो.

एकाच वेळी अनेक पानं चालवायची असतील, तर लाँच-प्रोग्राम. ते न थांबता प्रोसेसची माहिती परत देतं. पुढे वेट-प्रोसेसनं एक्झिट कोड घ्यायचा आणि क्लोज-स्ट्रीम्सनं दारं लावायची. इथे एक सापळा आहे. आउटपुट आणि एरर दोन्ही ':स्ट्रीम' ठेवून तुम्ही एकच वाचत बसलात, तर लिनक्सवर साधारण ६४ किलोबाइटला दुसरा पाइप भरतो. मग तो प्रोग्राम लिहिण्यासाठी थांबतो, तुम्ही वाचण्यासाठी थांबता, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत राहता. यावर ':एरर-आउटपुट :आउटपुट' म्हणून दोन्ही एकत्र करा किंवा फाइलीत सोडा. रन-प्रोग्राम हे आतल्या आत तात्पुरत्या फाइली वापरून सांभाळतं, म्हणून समांतर काम नसेल तर तेच बरं. टेसरॅक्ट स्वतःही अनेक थ्रेड वापरतो. अनेक प्रती चालवताना यादीच्या सुरुवातीला "एन्व्ह" "ओएमपी_थ्रेड_लिमिट=१" जोडा, नाहीतर प्रोसेसरवर नुसती ओढाताण होते.

मराठी नावांसाठी एक खास काळजी. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून प्रोग्राम चालतो, तेव्हा लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगची सेटिंग) अनेकदा रिकामं असतं. जुन्या एसबीसीएलमध्ये एन्कोडिंग लोकेलवरूनच ठरतं, आणि मग यादीतली देवनागरी नावं बिघडून जातात. क्रॉनटॅब या क्रॉनच्या फाइलीत सर्वांत वर 'एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८' ही ओळ ठेवा. आउटपुट यूआयओपी आपणहून यूटीएफ-८ धरूनच वाचतं.

यूआयओपीच्या रन-प्रोग्राममध्ये वेळेची मर्यादा घालण्याची सोय नाही. त्यासाठी लिनक्सची 'टाइमआउट' कमांड यादीत पहिली लावा: "टाइमआउट" "१२०" "टेसरॅक्ट" आणि पुढचं सगळं तसंच. मर्यादा ओलांडली की एक्झिट कोड १२४ येतो. ती पानं मी वेगळ्या यादीत टाकतो आणि जास्त रिझोल्यूशननं पुन्हा स्कॅन करून मागवतो.