कांद्याच्या मुळाची मायटोसिस स्लाइड बिघडते कुठे? या चुका टाळा

कांद्याच्या मुळाचं स्क्वॅश (मुळाचं टोक स्लाइडवर दाबून पसरवायचं आणि त्यात पेशींचं विभाजन, म्हणजे मायटोसिस, बघायचं) हे बारावी आणि बीएस्सीचं सगळ्यात स्वस्त प्रॅक्टिकल, एक कांदा, थोडं अॅसिड, थोडा स्टेन (रंग), झालं. तरी निम्म्या वर्गाला मायक्रोस्कोपखाली नुसती लाल ढेकळं दिसतात आणि मग सगळे मायक्रोस्कोपला नावं ठेवतात, नाहीतर "स्टेन जुना आहे सर" सुरू होतं. खरं म्हणजे स्लाइड बहुतेक वेळा मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधीच गेलेली असते, कधी कधी तर दोन दिवस आधी, कांदा पाण्यावर ठेवला तेव्हाच. त्यामुळे काय बिघडलंय ते स्लाइडवर बघायचं आणि मग मागे मागे जात कारण शोधायचं, एवढीच पद्धत आहे.

मुळंच फुटत नाहीत

आधी कांदा कुठला ते बघा. उन्हाळी कांदा शेतातून काढला की काही आठवडे तो झोपलेलाच असतो, तेव्हा पाण्यावर ठेवून कितीही वाट बघा, तळाला दोन-चार पांढरे ठिपके आले तरी नशीब. तोच कांदा चाळीत दोन-तीन महिने राहून जुलै-ऑगस्टमध्ये आला की भराभर मुळं सोडतो. दुसरी गोष्ट म्हणजे कोंब येऊ नये म्हणून काही कांद्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतात, लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ मध्ये त्यासाठीच सुरू झाला. खायला तो कांदा एकदम ठीक, पण ज्या वाढीच्या पेशींचं विभाजन आपल्याला बघायचंय त्यांचंच विभाजन तिथे थांबवलेलं असतं, मग प्रॅक्टिकलला तो काय कामाचा. बाजारातला कांदा बघून हे ओळखता येत नाही म्हणून एकाच ढिगातले सगळे न घेता दोन-तीन ठिकाणचे घ्या. नाहीच जमलं तर लसणाच्या पाकळ्या ठेवा, लसणातही कांद्यासारखेच क्रोमोसोम (गुणसूत्रं) १६ च आणि तेही चांगले मोठे.

तळाची जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडायची पण खालची चकती कापायची नाही, नवीन मुळं तिथूनच येतात. पाणी तळाला जेमतेम टेकलं पाहिजे, अर्धा कांदा बुडवला की तो सडतो आणि लॅबभर वास. पाणी रोज बदला, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. मुळं एक ते दोन सेंटीमीटर झाली की कापायची. "अजून मोठी होऊ दे" म्हणत चार-पाच सेंटीमीटरपर्यंत थांबलात तर मुळं जुनी होतात आणि विभाजन करणाऱ्या पेशी कमी मिळतात.

कापलं आणि पाण्यात ठेवलं

ही चूक सगळ्यात जास्त बघायला मिळते. सकाळी मुळं कापायची, वॉच ग्लासमध्ये पाण्यात ठेवायची आणि दुपारी प्रॅक्टिकलला फिक्सेटिव्ह टाकायचं. कापलेलं मूळ पाण्यात तसंच राहिलं की पेशी हळूहळू मरतात, चालू असलेलं विभाजन कसंबसं पुढे सरकतं पण नवीन पेशी विभाजनात शिरत नाहीत, मग दुपारी सगळीकडे गोल गोल न्यूक्लियस (पेशीकेंद्रं), म्हणजे विभाजन नसलेल्या पेशी. फिक्स करणं म्हणजे पेशी ज्या क्षणी जशी आहे तशी थांबवणं, म्हणून मूळ कापून सरळ फिक्सेटिव्हच्या बाटलीतच पडलं पाहिजे, मध्ये पाणी नको.

फिक्सेटिव्ह म्हणजे तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, आणि ते त्याच दिवशी बनवलेलं हवं. महिनाभरापूर्वीची बाटली वापरू नका, अल्कोहोल आणि अॅसिडची आपापसात रिअॅक्शन होऊन एस्टर बनत राहतं आणि फिक्सेटिव्हचा जोर जातो, बाटलीला गोडसर वास यायला लागला की समजा. ग्लेशियल अॅसिड १६-१७ अंशांच्या खाली गोठतं म्हणून थंडीत सकाळी बाटलीत बर्फासारखं दिसलं तर ते खराब झालंय असं समजून फेकू नका, कोमट पाण्यात बाटली ठेवा. आणि शेल्फवर शेजारी फॉर्मॅलिन दिसतंय म्हणून तेच ओतायचं नाही, त्याने प्रोटीन एकमेकांना घट्ट बांधली जातात, मूळ कडक होतं, मग कितीही दाबा पेशी सुट्या होत नाहीत. मुळं फिक्सेटिव्हमध्ये २४ तास ठेवा, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

किती वाजता कापायचं यावर प्रत्येक मॅन्युअल वेगळं सांगतं आणि प्रत्येक सरांची स्वतःची एक वेळ असते. वाद घालत बसू नका, सकाळी तासा-तासाने तीन-चार बॅच फिक्स करा, लेबल लावा, आणि ज्यात जास्त विभाजन दिसेल ती वर्षभर वापरा.

पेशींचा थर सुटत नाही, एकावर एक दिसतात

वनस्पतीच्या पेशी आपल्या पेशींसारख्या इकडून तिकडे जात नाहीत. आपल्या अंगात पांढऱ्या पेशी सरपटत जखमेपर्यंत जातात, त्वचेच्या पेशी कडेने सरकून जखम भरतात, मुळातली पेशी मात्र जिथे जन्मली तिथे शेजारणीला कायमची चिकटलेली. दोन पेशींच्या भिंतींमध्ये पेक्टिनचा थर असतो, मिडल लॅमेला, तोच त्यांना धरून ठेवतो. स्क्वॅश जमण्यासाठी आधी हा थर ढिला करावा लागतो आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड तेच काम करतं. इथे घाई केली की पुढे स्टेन कितीही भारी असो, ढेकळंच.

६० अंशांवर ५ ते ८ मिनिटं बास. वॉटर बाथ नसेल तर एका बीकरमध्ये गरम पाणी घेऊन त्यात टेस्ट ट्यूब उभी करतात, चालतं, पण थर्मामीटर लावा, अंदाजपंचे नको, कारण ४० अंशांवर ५ मिनिटं म्हणजे जवळपास काहीच नाही आणि उकळत्या पाण्यात ५ मिनिटं म्हणजे मुळाचा लगदा. अॅसिड बनवताना १०० मिलीला साधारण ८.३ मिली कॉन्सन्ट्रेटेड अॅसिड, आणि अॅसिड पाण्यात, पाणी अॅसिडमध्ये नाही. बरोबर झालेलं टोक नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखं लागतं, निडलने दाबलं की दबतं पण उचलताना तुटत नाही. उचलतानाच तुकडे पडत असतील तर जास्त झालं, टणक लागत असेल तर परत दोन मिनिटं. नंतर पाण्याने धुवा.

सगळ्या पेशी लांबुळक्या, एकही विभाजन नाही

चुकीचा तुकडा घेतलाय, बाकी काही नाही. विभाजन फक्त टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये चालतं. त्याच्या मागे पेशी फक्त लांब होतात. स्टेन केल्यावर मूळ पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, टोक बाकीपेक्षा गडद दिसेल कारण तिथे पेशी छोट्या आणि न्यूक्लियस मोठे, तेवढंच ठेवायचं आणि उरलेलं ब्लेडने कापून चक्क फेकून द्यायचं. बऱ्याच जणांना एवढं छोटं टाकवत नाही, वाटतं जास्त मूळ म्हणजे जास्त पेशी, होतं उलटंच, जाड तुकड्यामुळे कव्हरस्लिप वर राहते आणि टोक नीट दबतच नाही.

दाबताना आधी निडलच्या किंवा पेन्सिलच्या मागच्या बाजूने कव्हरस्लिपवर सरळ वरून हलकेच टकटक करा, पेशी पसरताना डोळ्यांनी दिसतात, मग टीप कागदाची घडी ठेवून अंगठ्याने एकदाच दाब. अंगठा आडवा सरकला की खेळ खल्लास, पेशी गुंडाळल्या जातात आणि क्रोमोसोम शेजारच्या पेशीत जाऊन पडतात, मग मोजताना १६ च्या ऐवजी कुठे १३ कुठे १९ येतात आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पितळ उघडं पडतं.

स्टेन फिका, किंवा सगळंच लाल

अॅसिटोकार्मिन (हाच तो लाल स्टेन) फिका आला तर टोक स्टेनमध्ये लोखंडी निडलने फोडा, लोखंडाचा अंश उतरला की रंग क्रोमोसोमवर घट्ट बसतो. स्लाइड स्पिरिट दिव्यावरून नुसती फिरवायची, तळहाताच्या मागच्या बाजूला लावली तर गरम लागावी पण चटका बसू नये. बुडबुडे आले म्हणजे उकळलं, आता स्टेनचे काळे कण बसणार. आणि सगळंच लाल दिसत असेल तर ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडून दुसऱ्या कडेने टीप कागदाने ओढून घ्या, पेशीद्रव फिकं होतं, क्रोमोसोम राहतात.

मेटाफेज भरपूर पण अॅनाफेज एकही नाही

मेटाफेजला क्रोमोसोम पेशीच्या मध्यावर येतात, अॅनाफेजला ते दोन टोकांकडे ओढले जातात. ही लक्षणं बघून खुश होऊ नका, आधी विचारा कांदा रात्री कुठे होता. कोणीतरी "ताजा राहावा" म्हणून ग्लाससकट फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. क्रोमोसोम ओढणारं स्पिंडल मायक्रोट्यूब्यूलचं (बारीक नळ्यांचं) बनलेलं, मायक्रोट्यूब्यूल ट्यूब्युलिन या प्रोटीनचे, आणि थंडीत ते सुटे होतात. ओढणाराच गेला तर क्रोमोसोम जागच्या जागी आखडून बसणार, अॅनाफेज कुठून येणार. क्रोमोसोम मोजायचे असतील तेव्हा हीच गोष्ट मुद्दाम करतात, मुळं बर्फाच्या पाण्यात २४ तास, किंवा ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये तीन-चार तास. कोल्चिसिन ट्यूब्युलिनलाच चिकटतं. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्याच मुळांवर हे दाखवलं, आणि याच लेव्हान यांनी पुढे १९५६ मध्ये जो हिन त्यो (Tjio) या संशोधकाबरोबर माणसात ४६ क्रोमोसोम असल्याचं सांगितलं.

म्हणजे आधी ठरवा काय बघायचंय. सगळ्या अवस्था हव्यात तर ही बर्फाची किंवा कोल्चिसिनची प्री-ट्रीटमेंट नको, मोजायचे असतील तर हवीच. दोन्ही एका स्लाइडवर मागू नका. कोल्चिसिन विषारी आहे, ग्लोव्हज घाला, तोंडाने पिपेट ओढू नका. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच असतं, तेव्हा "नैसर्गिक आहे, काय होतंय" हा युक्तिवाद इथे चालवू नका.

जर्नलमधल्या आकृत्या

इथे मात्र मला चीड येते. स्लाइड कांद्याची आणि आकृतीत दोन्ही टोकांना सेंट्रिओल, त्यातून निघालेले किरण, हे प्राण्याच्या पेशीचं चित्र पुस्तकातून उतरवलेलं आहे, कांद्याच्या पेशीत सेंट्रिओल नसतातच. तसंच स्पिंडलचे धागे अॅसिटोकार्मिनने रंगत नाहीत, ते तुम्हाला दिसलेले नाहीत, मग काढायचे कशाला. जिवंत पेशीत ते धागे नीट दिसायलासुद्धा शिन्या इनोउए यांचा पोलराइज्ड लाइटचा मायक्रोस्कोप लागला, १९५३ मध्ये. अॅनाफेजला क्रोमोसोम 'व्ही' सारखे वाकतात, त्याचं टोक ध्रुवाकडे हवं, कारण ओढ सेंट्रोमिअरला (क्रोमोसोमला स्पिंडल जिथे जोडलेलं असतं तिथे) असते आणि हात मागून फरफटत येतात, बरेच जण बरोबर उलटं काढतात. आणि टेलोफेजनंतर (विभाजनाच्या शेवटच्या अवस्थेनंतर) पेशी मधून आवळलेली दाखवू नका, भिंत असलेली पेशी आवळणार कशी, तिथे मधोमध सेल प्लेट तयार होते आणि कडेकडे वाढत जाते.

मायटोटिक इंडेक्स मोजताना

विभाजन करणाऱ्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. चांगलं दिसणारं एकच फील्ड निवडून मोजलं तर आकडा हवा तेवढा फुगवता येतो म्हणून स्लाइड एका कडेने सरकवत जा, निदान ५०० ते १००० पेशी. टेलोफेजमध्ये दोन न्यूक्लियस दिसतात पण सेल प्लेट पूर्ण झालेली नसेल तर ती पेशी एकच मोजायची. इंटरफेज (विभाजन सुरू होण्याआधीची अवस्था) आणि सुरुवातीचा प्रोफेज (विभाजनाची पहिली अवस्था) यात गोंधळ होणारच, तेव्हा धागे सुटे दिसले तरच प्रोफेज असा एक नियम आधीच लिहून ठेवा आणि दोघं मिळून मोजत असाल तर दोघांचाही तोच असू दे. प्रोफेज सगळ्यात जास्त आणि अॅनाफेज कमी येणं बरोबरच आहे, जी अवस्था जास्त वेळ चालते तीच स्लाइडवर जास्त सापडते.

चांगलं स्क्वॅश मिळालं तर कव्हरस्लिपच्या कडांना नेलपॉलिश लावून घ्या, काही दिवस टिकतं. उरलेली मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजला, बाटलीवर तारीख आणि वेळ पेन्सिलने लिहा, पेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते.