‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊ नये म्हणून: ब्राउझर मराठीसाठी कसा लावून घ्यायचा

गेल्या पावसाळ्यात एका मासिकाचं प्रूफ मी ब्राउझरमध्येच वाचलं आणि ‘सह्याद्रीच्या दर्या’ तसंच पुढे गेलं. हवं होतं ‘दऱ्या’. दर्या म्हणजे समुद्र. अंक हातात आला, ते पान उघडलं आणि पोटात गोळा आला. लोकलच्या गर्दीत वाचत होते असंही नाही, गिरगावात घरी टेबलाशी बसून वाचलं होतं. अक्षर बारीक, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसलेला. तेव्हापासून कुठलाही नवा कॉम्प्युटर समोर आला की आधी ब्राउझर लावून घेते, मगच कामाला बसते.

मी फायरफॉक्स वापरते, कारण त्यात देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. क्रोममध्ये ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’मध्ये किमान आकार वाढवता येतो, पण लिपीनुसार निवड करता येत नाही.

आधी गूगल फॉन्ट्सवरून नोटो सान्स देवनागरी उतरवून इन्स्टॉल करा. फुकट आहे. मग फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधचौकटीत ‘फॉन्ट्स’ लिहा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात सगळ्यात वर लिपी निवडायची जागा आहे, तिथे देवनागरी घ्या. सेरिफ आणि सान्स-सेरिफ दोन्हींना नोटो लावा, आकार २० ठेवा आणि ‘मिनिमम फॉन्ट साइझ’ १८ करा. खाली ‘पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढून टाका. नाहीतर संकेतस्थळ आपलाच फॉन्ट लादतं आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

इथे बरेच जण अडकतात. एवढं सगळं करूनही काही मराठी पानांवर अक्षर बारीकच राहतं. कारण ब्राउझर किमान आकार ठरवताना अक्षरांकडे बघत नाही, पानावर कोणती भाषा नोंदवली आहे ते बघतो. बनवणाऱ्याने मराठी पानावर ‘इंग्रजी’ अशी नोंद ठेवली असेल, तर लॅटिनचा, म्हणजे इंग्रजीच्या लिपीचा, आकार लागू होतो. म्हणून त्याच खिडकीत लिपी लॅटिन निवडून तिथेही १८ करा.

ही नोंद स्वतः बघता येते, आणि एकदा बघाच. पानावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबा. खाली कोड उघडतो, त्यात सगळ्यात वरच्या एचटीएमएलच्या ओळीत ‘लँग’ (lang) शोधा. मराठीची खूण ‘एम-आर’ (mr), हिंदीची ‘एच-आय’ (hi). तिथे हिंदी असेल तर डबल-क्लिक करून मराठीची दोन अक्षरं टाका, एंटर दाबा आणि पानावरच्या ‘ल’ आणि ‘श’कडे बघा. दांडीचा ‘ल’ जाऊन पाकळ्यांचा ‘ल’ येतो, ‘श’ला देठ फुटतो. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, भाषेची नोंद बघून ब्राउझर त्यातलं एक उचलतो. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं मानली आहेत. माझे बाबा गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांना हे करून दाखवलं तर ते चष्मा वर सरकवून म्हणाले, “हां, हा आपला ल.” पान पुन्हा लोड केलं की बदल जातो, तेव्हा बिनधास्त करून बघा. तुम्ही स्वतः संकेतस्थळ बनवत असाल तर मात्र ही दोन अक्षरं चुकवू नका. तुमचा सगळा वाचकवर्ग ती वळणं बघत असतो.

ओळींमधलं अंतर वाढवायला रीडर व्ह्यू घ्या, म्हणजे बाकीचा पसारा बाजूला ठेवून नुसता लेख दाखवणारी फायरफॉक्सची सोय. विंडोजवर एफ-९. त्यात अक्षराचा आकार, ओळीची लांबी आणि दोन ओळींतली मोकळी जागा वाढवता येते. उकार आणि रफार वेगळे दिसायला ही मोकळी जागाच कामी येते. आकार नुसता वाढवून भागत नाही.

शेवटचा हात फिरवताना मी कंट्रोल-एफ दाबून ‘र्य’ शोधते आणि ‘हायलाइट ऑल’ करते. सूर्य, कार्य, धैर्य हे बरोबर. ‘वार्यावर’, ‘किनार्यावर’, ‘दुसर्या’ दिसलं की थांबते, तिथे ‘ऱ्य’ हवा. दोनशे ओळींच्या लेखाला पाच मिनिटं लागतात.

पानांचे फॉन्ट बंद केल्यामुळे काही संकेतस्थळांवर बटणांची चित्रं जाऊन रिकामे चौकोन दिसतात. बँकेचं किंवा रेल्वे तिकिटाचं काम असेल तेव्हा ती खूण परत लावा, काम झालं की काढा.