खासगी फौजदारी तक्रार झाली, तर शासनाकडून बचाव कसा मिळवावा

सरकारी कर्मचाऱ्याने अतिक्रमण काढले, जप्ती केली, दाखला नाकारला, की दुखावलेला माणूस थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करतो. ‘काम सरकारी, तेव्हा सरकारी वकील उभा राहीलच’ हा समज अशा वेळी महागात पडतो. लेखी आदेश निघाल्याशिवाय शासन बचाव हाती घेत नाही, आणि प्रस्ताव प्रलंबित आहे म्हणून कोर्टाची तारीख पुढे जात नाही. पहिल्या तारखेला कोणीच हजर नसेल, तर वॉरंट निघू शकते.

नोटीस किंवा समन्स मिळाले त्याच दिवशी कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा आणि आवक क्रमांक घ्या. सोबत तक्रारीची पूर्ण प्रत हवी. नुसत्या समन्सवरून कोणताही विभाग अभिप्राय देऊ शकत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी गृह मंत्रालयाचे ८ जानेवारी १९५९ चे आदेश हा आधार आहे. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्याचा प्रस्ताव प्रशासकीय विभागामार्फत विधि व न्याय विभागाकडे जातो.

केंद्राच्या आदेशांची चौकट सरळ आहे. शासनानेच खटला भरला असेल किंवा कृत्याचा कर्तव्याशी संबंध नसेल, तर मदत नाही. खासगी व्यक्तीने कर्तव्याशी संबंधित कृत्यावरून कारवाई केली, बचाव करणे शासनाला सार्वजनिक हिताचे वाटले आणि कर्मचाऱ्याची संमती असेल, तर मदत मिळते. म्हणून प्रस्तावात तक्रारदाराच्या हेतूवर पाने खर्ची घालू नका. कोणत्या आदेशाने, कोणत्या अधिकारात, किती वाजता, कोणासमोर काय केले, एवढे मांडा. अतिक्रमणाच्या प्रकरणात मूळ आदेश, बजावलेली नोटीस, पोलीस बंदोबस्ताचे पत्र, पंचनामा आणि चित्रीकरण जोडा. पंचनाम्यातली वेळ आणि वाहनाच्या लॉगबुकातली वेळ जुळत नसेल, तर ती विसंगती आधीच स्पष्ट करा. उलटतपासणीत ती निघणारच.

खरी लढाई न्यायालयाने दखल घेण्याआधीची, म्हणजे तक्रारीवर कारवाई पुढे चालवायचे ठरवण्याआधीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३(२) नुसार, कर्तव्य बजावताना घडलेल्या कथित गुन्ह्याची लोकसेवकाविरुद्ध दखल घेण्याआधी दोन गोष्टी लागतात: घटनेमागच्या परिस्थितीबद्दल त्याला म्हणणे मांडण्याची संधी आणि वरिष्ठाचा वस्तुस्थिती अहवाल. तपासाचा आदेश मागितला असेल, तर कलम १७५(४) मध्येही हेच आहे. साहेबांचा अहवाल आणि तुमचे म्हणणे वेगवेगळ्या टेबलांवर तयार होते आणि तिथेच घोळ होतो. दोन्हींतला तारखांचा क्रम आधी ताडून पाहा.

याच संहितेच्या कलम २१८ ची पूर्वमंजुरी, म्हणजे दखल घेण्याआधी लागणारी शासनाची मंजुरी, ही वेगळी ढाल आहे, आणि ती सगळ्यांना नाही. शासनाच्या मंजुरीशिवाय ज्याला पदावरून काढता येत नाही, त्यालाच ती मिळते. तहसीलदाराला मिळेल, पण जिल्हा स्तरावरून नेमणूक झालेल्या तलाठ्याला सहसा नाही. त्याने २२३(२) वरच भर द्यावा. मंजुरीच्या मागणीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. म्हणजे मंत्रालयात फाईल पडून राहिली, तर फायदा तक्रारदाराचा.

प्रक्रिया निघालीच, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपी म्हणून हजर होण्याचा आदेश काढलाच, तर त्याविरुद्ध सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्जाला ९० दिवस आहेत. कारवाई रद्द करून घेण्यासाठी कलम ५२८ खाली उच्च न्यायालयही आहे. व्यक्तिशः हजेरीतून सूट लगेच मागा.

सहआरोपी म्हणून साहेब आणि कनिष्ठ एकाच प्रकरणात असतील आणि कनिष्ठाचे म्हणणे ‘वरून आदेश होता’ असे असेल, तर दोघांचा वकील एकच ठेवू नये.

शासनाचा आदेश येईपर्यंत स्वतःचा वकील लावावा लागला, तर वकीलपत्र आणि फीच्या पावत्या जपून ठेवा. १९५९ च्या आदेशांनुसार स्वतः बचाव केल्यास, निकाल बाजूने लागल्यावरच वाजवी खर्चाची प्रतिपूर्ती होते. न्यायालयाने तुमची कृती कितपत योग्य ठरवली, यावर रक्कम ठरते. त्यामुळे तडजोडीने प्रकरण मिटवायच्या आधी, खर्चाचे काय होईल हे विभागाला लेखी विचारून घ्या.